पाटीवरचा खुनी

कपाटाच्या वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना स्टुलावरून पडले आणि उजवा खांदा मोडला. हात गळ्यात अडकवलेला. जाड पुस्तक डाव्या हातात धरलं की मनगट भरून येई, मांडीवर ठेवलं की आपोआप मिटून जाई. वाचायला मिळालं नाही की मी कशी वागते हे भाचीला ठाऊक आहे, म्हणून ती त्यांच्या घरातली ई-पुस्तकं वाचायची पाटी घेऊन आली.

“आत्या, हिच्यात शेकडो पुस्तकं मावतात.”

“डब्यात मुंग्याही मावतात,” मी म्हटलं.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी. त्या भावाशी मी बोलणं टाकलं होतं. वडिलांच्या पुस्तकांचे आम्ही दोन वाटे केले. माझा वाटा माझ्या कपाटात आहे. त्याने आपला वाटा रद्दीवाल्याला वजनावर दिला आणि वर मलाच शहाणपण शिकवलं, “ताई, हे सगळं आता पाटीत मिळतं.” वडिलांनी स्वतःच्या हाताने कव्हरं घातलेली पुस्तकं होती ती. पुढे बरेच दिवस त्याचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत. मग ते थांबले. ते थांबल्याचं मला फार लागलं, पण सांगणार कोणाला.

तर ही पाटी. हिला वास नाही, वजन नाही, पाठ नाही की पोट नाही. कुठवर आलो हे टक्क्यांत सांगते, जणू माझा निकालच लागलाय. पान उलटायला मी सवयीने बोट जिभेला लावलं, तर काच ओली झाली आणि बाईसाहेब पाच पानं पुढे पळाल्या. ऐन खुनाच्या जागी चार्जिंग संपलं. पुस्तकाला भूक लागते हे या वयात कळलं.

हो, खुनाचीच कादंबरी लावली होती. वाचताना समासात पेन्सिलीने शेरे मारायची माझी जुनी खोड. भाचीने पाटीवर शेरा कसा लिहायचा ते दाखवलं होतं. डाव्या हाताच्या एका बोटाने मी सुरू झाले. ‘हा फौजदार बिनडोक आहे.’ ‘लेखकाला शब्दागणिक पैसे मिळत असावेत.’ मग हात सैल सुटला. ‘ज्या गाढवाने ही पाटी घरात आणली त्याने बापाची पुस्तकं विकून अक्कलही विकली.’ फार बरं वाटलं. समास आपला असतो, तिथे दुसरं कोण बघतंय?

सकाळी त्या शेऱ्याखाली एक ओळ उगवलेली.

‘गाढव वाचतंय. खून वकिलाने केलाय.’

भाचीला फोन केला तेव्हा उलगडा झाला. पाटी आणि भाचीच्या बापाचा फोन एकाच खात्यावर. मी इथे लिहिलेलं त्याला तिथे दिसतं. आणि ही हरामखोरीही नवी नव्हती. लहानपणी आम्हा दोघांत मिळून वाचनालयाचं एकच पुस्तक यायचं. हा आधी वाचायचा आणि पहिल्या पानावर खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. मी त्याला बदडून काढायचे.

आता बदडायला हातही धड नव्हता. तणतणत पुढे वाचत राहिले, तर दोन प्रकरणांनंतर वकिलाचाच मुडदा सापडला. म्हणजे पठ्ठ्याने थाप मारली होती. लहानपणी निदान खरं तरी लिहायचा. मला राहवेना. मी त्याला फोन लावला.

“वकील मेला,” मी म्हटलं.

“माहितीये.”

“मग थापा कशाला मारतोस?”

“खरं लिहिलं असतं तर तू पाटी बंद करून फुगून बसली असतीस. कुणाचं खोटं पकडलं की मात्र तुला दम निघत नाही.”

मग मी तोंडाचा पट्टा सोडला. रद्दीवाला, कव्हरं, ते वजन, ते शहाणपण, सगळं काढलं. तो ऐकत राहिला. मी दमले तेव्हा हळूच म्हणाला, “चुकलं माझं, ताई. द्यायला नको होती ती पुस्तकं.”

मला रडू आलं, ते मी खोकल्यावर निभावून नेलं.

“उद्या ये,” मी म्हटलं. “ही पाटी घेऊन जा. आणि माझ्या कपाटातलं एक जाडं पुस्तक काढून दे. धरायला माणूस नाही माझ्याकडे.”

“मी धरतो.”

“धर. पण पान मी उलटणार. आणि तू पुढचं वाचायचं नाहीस.”