कोटातून उसवलेला खांदा

मी एक जुना खांदा आहे. हाडामांसाचा नव्हे, स्पंजचा. कोटाच्या आत शिवतात तो पॅड. सध्या कपाटाच्या डोक्यावर धूळ खात पडलो आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडलो आहे. धुळीवर नाही, माणसांवर.

शिंप्याने मला आणि माझ्या जुळ्या भावाला एकाच तुकड्यातून कापले आणि एका नवरदेवाच्या कोटात बसवले. "काय रुबाबदार दिसतोय!" लोक म्हणाले. रुबाब आमचा, कौतुक त्याचे. असो. पुढे कोट कपाटात गेला आणि नवरदेवाचा बाबा झाला.

त्याच्या मुलीला घरात खारू म्हणत, कारण ती खारीसारखी एका जागी ठरत नसे. तिचा डावा खांदा जन्मापासून वर चढलेला होता. पाठीवर पंख्यासारखे हाड असते ना, फऱ्याचे, ते तिच्या मानेपाशीच अडकून बसले होते. डावा हात कानापर्यंत जायचा आणि कडी लागल्यासारखा थांबायचा. वेणी घालताना तिची आई रोज ते बघायची.

"डॉक्टरांना दाखवू या का?" ती विचारायची.

"चारचौघांत पोरीचं व्यंग कशाला मिरवायचं?" खारूची आत्या म्हणाली. आत्या शिवणकामात तरबेज. "वाढत्या अंगाबरोबर होईल सरळ. तोवर मी करते काहीतरी." तिने कपाटातून कोट काढला, त्याचा उजवा खांदा उसवला आणि मला खारूच्या फ्रॉकात, उजवीकडे, शिवून टाकले. दोन्ही खांदे सारखे!

"बघ, गेलं की नाही?"

काय गेले? मित्रांनो, तुम्हीच सांगा, काय गेले? हाड होते तिथेच होते. गेली ती फक्त लोकांची नजर.

फ्रॉक आखूड झाला की मला उसवायचे आणि पुढच्या फ्रॉकात शिवायचे. खारू वाढत होती, आणि वरच अडकलेले ते हाडही तिच्याबरोबर वाढत होते. शाळेत कवायतीला दोन्ही हात वर करायचे असत. खारूचा एकच जाई. "आळशी कुठली! डावा हात काय भाड्याने आणलायस?" बाई ओरडत आणि सगळी मुले खो खो हसत. बाईंना तरी कसे कळावे? त्यांना दिसायचे ते दोन सरळ, सारखे खांदे. तिच्या मानेवरून ओघळलेला घाम मात्र माझ्यात मुरायचा. मी ओरडणार कसा? स्पंजाला तोंड नसते. ज्यांना असते, ते तोंड मिटून बसतात!

"अजून किती थांबायचं?" आई विचारायची.

"ताई म्हणतेय ना, होईल म्हणून," बाबा वर्तमानपत्रातून म्हणायचे.

मग एकदा बाबांच्या कचेरीत कुणाचा तरी निरोपसमारंभ होता. गडबडीत त्यांनी तोच कोट चढवला. उजवा खांदा पार पडलेला! संध्याकाळी लालबुंद होऊन परतले.

"दिवसभर नुसती थट्टा! साहेब म्हणाले, एक खांदा घरी विसरलात का? शिपाईसुद्धा वाकून वाकून बघत होता. जीव नकोसा झाला."

आईने दोरीवरचा फ्रॉक ओढला, दातांनी टाके तोडले आणि मला त्यांच्या पुढ्यात आपटले.

"हा घ्या तुमचा खांदा. एका दिवसात जीव नकोसा झाला ना? मग पोरीनं सात वर्षं काय करायचं? उद्या दवाखान्यात जायचं. ताईंना काय सांगायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी मला पर्समध्ये कोंबून ती खारूला आणि बाबांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी खारूची पाठ तपासली, मग आईने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवले.

"शिवलंय छान. पण हा इलाज नव्हे, पडदा आहे," त्या म्हणाल्या. "हे हाड आईच्या पोटात असतानाच मानेकडून खाली उतरतं. हिचं उतरलंच नाही, वर एका जादा हाडानं ते मणक्याशी बांधलं गेलंय. आधी आणायला हवं होतं. आता खाली ओढताना हाताच्या नसांना फार जपावं लागेल. आणखी उशीर केला असतात, तर मीही हात लावायला कचरले असते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. बघा, खुशाल बघा!

शस्त्रक्रियेत ते जादा हाड काढले, स्नायू सोडवून खाली शिवले आणि फरा त्याच्या जागी उतरवला. हात झोळीत गेला. झोळी सुटल्यावर खरी लढाई सुरू झाली. भिंतीवर बोटे मुंगीसारखी चढवायची. खारू कळवळायची. "अजून एक बोट, राणी, एकच," आई म्हणायची, आणि स्वतःच रडायची.

हात चांगला हलू लागल्यावर आत्या भेटायला आली. तिने खारूला पुढून पाहिले, मागून पाहिले. "थोडा फरक राहिलाच की गं. हाच जरा पातळ करून लावू का?" आणि तिने मला उचलले. सुई ओवलेलीच होती!

खारू उठली. आत्याच्या हातातून तिने मला काढून घेतले, कपाटासमोर उभी राहिली आणि डावा हात वर नेला. कानापर्यंत. कानाच्या वर. टाचा उंचावून तिने मला थेट कपाटाच्या डोक्यावर भिरकावले.

"आत्या, आता तू काढ."

आत्या बुटकी. आई इतकी हसली की तिला खाली बसावे लागले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवतात, आम्हाला पुसा, आमची निगा राखा. मी उलटे सांगतो. मला इथेच सडू द्या. पुसायचेच असेल तर डोळे पुसा आणि तुमच्या शेजारी बसलेल्या मुलीचा हात कुठे थांबतो ते बघा. आणि खबरदार, मला कुणी खाली काढाल तर!