नुरानच्या तोंडाला आलेला माझा वास

मी एक जुनी काचेची बरणी आहे. झाकण पत्र्याचं, कडेला गंजलेलं. पोटावर जर्दाळूचं चित्र होतं, ते आता अर्धंच उरलंय. केप टाऊनच्या ॲथलोन भागात फाल्दिलाचं घर आहे. तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या फळीवर माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, ही गोष्ट सांगताना मला लाज वाटते. तरी सांगते, कारण तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी बरणी असेल.

माझा जन्म भट्टीतला. पहिल्यांदा माझ्यात जर्दाळूचा जाम भरला होता. तो संपला तेव्हा मला वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्यात. पण फाल्दिलाने मला उकळत्या पाण्याने धुतलं, उन्हात पालथं घातलं आणि माझ्यात एक पांढरी पूड भरली. तिचं नाव व्हॅनिलिन. व्हॅनिलाच्या शेंगेचा वास कारखान्यात तयार करतात, त्याचीच ही पूड. चमच्याच्या टोकावर राहील इतकी घातली तरी अख्खा केक घमघमतो.

फाल्दिलाचा नवरा गनीफ सिगारेटी ओढून ओढून छातीच्या दुखण्याने गेला. पदरात दोन मुलं, शुएब आणि नुरान. मग केक आणि बिस्किटांवरच घर चाललं. मी कधी रिकामी राहिले नाही. शेजारच्या जवाया आँटी कुंपणावरून ओरडायच्या, "फाल्दिला, आज काय भाजतेस गं? आमचे हे जेवायला बसेनात. म्हणतात, शेजारच्या वासानेच पोट भरलं!" फाल्दिला हसून माझं झाकण घट्ट लावायची. मला वाटायचं, हे कौतुक माझंच आहे. मोठा तोरा होता मला तेव्हा.

शुएब मोठा झाला, टायरच्या दुकानात कामाला लागला आणि बापासारखाच सिगारेट ओढायला लागला. फाल्दिलाने त्याला बापाच्या कबरीपाशी नेऊन शपथ घ्यायला लावली. त्याने सिगारेट सोडली, हे खरं. पण त्या जागी वाफ ओढायचं यंत्र आलं, आणि ते त्याने आईला सांगितलं नाही. त्यात घालायचं निकोटिनचं पाणी तो अंगणातल्या लाकडी खोलीत स्वतःच बनवायचा.

एका दुपारी फाल्दिला केक पोचवायला गेली होती. शुएबने मला फळीवरून उचललं. मला वाटलं, पोरगा आईसाठी काही भाजणार! मी आपली खुशीत. त्याने मला त्या लाकडी खोलीत नेलं आणि माझ्यातली पूड आपल्या बाटलीत घातली. "केकमध्ये खातोच की आपण," तो स्वतःशीच म्हणाला. "खाल्लेलं चालतं, मग ओढलेलं का नाही चालणार?" मलाही ते पटलं. मी पडले बरणी. पोट वेगळं आणि छाती वेगळी, हे मला कुठून कळणार?

घरात कुणाला संशयही आला नाही. येणार तरी कसा? त्या घराला कायम व्हॅनिलाचाच वास. फाल्दिला एकदा मला हलवून म्हणाली, "हल्ली माझा हात फारच सढळ झालाय." आणि तिने नवी पूड आणून भरली.

नुरान चौदा वर्षांची. ईदनंतर तिचा तमात होता, म्हणजे मदरशातलं कुराण वाचून पूर्ण झाल्याचा सोहळा. त्या दिवशी मूल सगळ्या लोकांसमोर कुराणातल्या आयती, म्हणजे वचनं, म्हणून दाखवतं. नुरानचा आवाज असा गोड, की जवाया आँटीसुद्धा गप्प बसून ऐकायच्या. मोठमोठ्या आयती ती एका दमात म्हणायची. फाल्दिला वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघत होती. बाप नाही, पण बापाचं नाव त्या दिवशी पोरीच्या नावापुढे घेतलं जाणार होतं.

रमझान होता. नुरान शाळेतून आली. डोक्यावरचा रुमाल नीट करायला फाल्दिलाने तिला जवळ ओढलं आणि थबकली.

"तोंडाला वास कसला येतोय? पीठ चाटलंस ना?"

नुरानचं तोंड पडलं. मग ती हळूच म्हणाली, "हो मम्मी. चाटलं."

"अगं, रोजा आहे ना तुझा!" फाल्दिलाला हसूच आलं. "मीही तुझ्या वयाची असताना चाटायचे. आता मनापासून तौबा कर, आणि हा रोजा नंतर भरून काढ. आणि जवायाला बोलू नकोस. ती गल्लीभर करेल."

मी फळीवरून सगळं बघत होते. पिठाचं पातेलं सकाळीच धुऊन झालं होतं. चाटायला पीठ होतंच कुठे? पोरीने लहान चूक कबूल करून मोठी चूक लपवली, आणि आईने त्या लहान चुकीसाठी तिला पोटाशी धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे नुरानला खोकला लागला. स्वयंपाकघरात बसून सराव करताना तिचा श्वास मध्येच तुटायचा. "मागच्या महिन्यात हे सगळं एका दमात म्हणायचीस," फाल्दिला म्हणायची आणि आल्याचा रस मधात कालवून द्यायची. कधी उपासाला दोष द्यायची, कधी वाऱ्याने उडणाऱ्या धुळीला.

तमातचा पांढरा झगा शिवून आला. नुरानने तो घालून बघितला, त्यातच जवाया आँटींना दाखवून आली आणि दाराला टांगला. दुसऱ्या दिवशी फाल्दिलाला खिशापाशी तपकिरी डाग दिसला. तिने डागाला बोट लावलं आणि वास घेतला. "व्हॅनिला! काय करावं या पोरीला!" आणि भाजणाऱ्या बायका करतात तसं तिने ते बोट चव बघायला तोंडाकडे नेलं.

तेवढ्यात शुएब दारातून आत आला.

"मम्मी, जिभेला लावू नको!"

तिचं बोट हवेतच राहिलं. "का रे? काय आहे हे?"

शुएबने तिच्या हातातून झगा ओढून घेतला.

"तुला कसं माहीत, लावू नये म्हणून?"

"मीच बनवलंय ते," तो मान खाली घालून म्हणाला. त्याने खिशातून एक बाटली काढली. माझी पूड घातलेलं ते पाणी जुनं होऊन तसंच तपकिरी झालं होतं. "एक बाटली आणि माझं जुनं यंत्र सापडत नव्हतं. मला वाटलं, दुकानात राहिलं असेल. देवाशपथ मम्मी, नुरानने घेतलं असेल असं मनातही आलं नाही."

"आणि माझी पूड कशाला घातलीस त्यात?"

"नुसतं ओढलं की घसा जळतो. ही घातली की कळत नाही."

कळत नाही! मित्रांनो, घशाने ओरडून सांगू नये म्हणून मी त्याचं तोंड दाबलं होतं.

नुरान मागे उभी होती. तिला रागावण्याचं त्राणही फाल्दिलात उरलं नव्हतं. "तू कशाला गेलीस त्या वाटेला, बाळा?"

"त्याला आपल्या घराचा वास यायचा," नुरान रडत म्हणाली. "मला वाटलं, घरासारखं आहे, म्हणजे वाईट नसेल."

फाल्दिला स्टूल ओढून त्यावर बसली. "तुझ्या बापाच्या सिगारेटीला निदान सिगारेटीचा वास यायचा रे," ती शुएबला म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. तसं तिने माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

तमातच्या दिवशी नुरानचा दम भर सभेत तुटला. लोक खाली बघायला लागले. मदरशात शिकवणारे वृद्ध खलिफा शांतपणे थांबले, आणि तिने श्वास घेऊन पुन्हा सुरुवात केली. पूर्ण केलं तिने, पण अडखळत अडखळत. फाल्दिलाने त्या दिवशीच्या केकात व्हॅनिला घातलाच नव्हता. "काहीतरी विसरलीस वाटतं," जवाया आँटी म्हणाल्या. "नाही," फाल्दिला म्हणाली, "मुद्दामच नाही घातलं."

दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, दोघांनी सोडा, दम परत येईल, पण वेळ लागेल. दोघांनी सोडलंय. व्हॅनिलाची पूड आता कपाटात कुलपात असते. माझ्यात संत्र्याच्या वाळक्या साली भरल्या आहेत. मला कितीदा घासलं, तरी झाकणाला अजून तो वास येतो.

मित्रांनो, जे ताटासाठी केलेलं आहे ते छातीत भरू नका. आणि वास ओळखीचा आहे, एवढ्यावर कशाला चांगलं म्हणू नका.

काल मागणीचा केक होता. नुरान शाळेतून आली, तेव्हा फाल्दिला अंगणात होती. आत आल्यावर तिने रोजच्यासारखी पोरीची हनुवटी धरली. "आ कर." आणि व्हॅनिलाचा वास आला.

"पीठच आहे मम्मी. खरंच पीठ आहे."

फाल्दिला ओट्यापाशी गेली, पातेलं उजेडात धरलं आणि आत बोटाची खूण आहे का ते शोधू लागली. खूण होती. ती बघून फाल्दिला पातेलं छातीशी धरून रडली, आणि पोरगी दारात तशीच तोंड उघडं ठेवून उभी होती.