अठ्ठ्याहत्तर टोल

मी एक जुनी घंटा आहे. गुलटेकडीजवळच्या एका गल्लीत आमचं छोटं दगडी चर्च आहे, त्याच्या मनोऱ्यात मी टांगलेली आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलं नसेल. पुण्यात हल्ली मान वर करून कुणी बघत नाही, बघितलंच तर सिग्नल सुटला का एवढंच बघतात. पण मार्केट यार्डाकडे जाता-येता तुम्ही मला ऐकलं असण्याची शक्यता आहे. ऐकलं असेल, तर मला माफ करा. माफी कशाची, ते सांगते.

माझा जन्म नव्वद वर्षांपूर्वीचा. घंटा हवी असं ठरलं, तेव्हा मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, बायकांनी घरातली फुटकी काशाची भांडी आणून चर्चच्या ओट्यावर टाकली. कुणी ताट दिलं, कुणी वाट्या. एकीनं तर सासूचा तांब्या सासूला न विचारता आणला आणि नंतर महिनाभर बोलणी खाल्ली. ओताऱ्यांनी ते सगळं वितळवून मला ओतलं. त्यामुळे माझा आवाज एका कोणाचा नाही, असं जुने लोक म्हणायचे, आणि मला त्याचा गर्व होता. गर्व हा माझा जुना दोष आहे, तो पुढे येईलच.

माझी कामं तीन. रविवारी सकाळी उपासनेला बोलवायचं, लग्नात भरभर वाजायचं, आणि मंडळीतलं कुणी गेलं की मयताची घंटा द्यायची. या तिसऱ्या कामाची रीत वेगळी होती. माणूस जितक्या वर्षांचा, तितके टोल. दोन टोलांमध्ये सावकाश दोन श्वास घ्यायचे, घाई करायची नाही. मी वाजू लागले की गल्ली थांबायची. हमाल डोक्यावरचं पोतं खाली ठेवायचे, बायका नळ बंद करायच्या, आणि सगळे मनात मोजायचे. एकाहत्तरला थांबले तर अमुक, तेवीसला थांबले तर अरे देवा.

मग समोर बारा मजल्यांची सोसायटी उभी राहिली. सहाच महिन्यांत त्यांचं टाइप केलेलं पत्र आलं. ‘आपल्या घंटेमुळे आमची रविवारची झोपमोड होते. देव बहिरा नसावा, अशी अपेक्षा आहे.’ पंचांनी मान खाली घातली आणि रविवारची घंटा बंद केली. लग्नं तर कार्यालयांत होऊ लागलीच होती. राहिली मयताची तेवढी, वर्षातून चार-पाच वेळा. माझ्या अंगावर कबुतरांनी काय काय करून ठेवलं, ते सांगत नाही. नको असलेल्या म्हाताऱ्या माणसाची जी चिडचिड होते, तीच माझी होऊ लागली.

आता आमच्या पाळकसाहेबांविषयी. रेव्हरंड सुदर्शन आढाव. बावीस वर्षांपूर्वी ते इथं आले तेव्हा एकटेच होते, लग्न व्हायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांना डबा दिला तो विमलाबाई रणपिसे यांनी. माझ्या डाव्या झरोक्यासमोर चाळीत विमलाबाईंची खिडकी आहे, म्हणून मला ठाऊक. त्या डब्यात मेथीची भाजी होती, आणि पुढे वर्षभर तो डबा गेला. त्यांच्या मुलाचं, संजयचं, लग्न पूर्णिमाशी पाळकसाहेबांनी लावलं, नातीचा, सृष्टीचा, बाप्तिस्मा त्यांनीच केला. विमलाबाई गुडघ्यांनी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन त्यांच्या घरी प्रभुभोजन द्यायला जाऊ लागले. हा माणूस मुळात वाईट नव्हता. मला हे आत्ताच सांगून ठेवायला हवं, नंतर तुम्हाला ते पटणार नाही.

तीन वर्षांपूर्वी शहराच्या टोकाला, मांजरीला, एक नवी मंडळी सुरू झाली. मंगल कार्यालयाचा हॉल, एसी, ड्रम, भिंतीवर पडद्यावर गाण्यांचे शब्द, मुलांचा वेगळा वर्ग, आणि गाडी लावायला जागा. पाळकाला तिथं पास्टर म्हणतात आणि तो जीन्स घालतो. आमच्याकडून पहिलं कुटुंब गेलं ते भालेरावांचं. चौघंही गाणारे. त्यांच्यामागून आणखी गेले.

पाळकसाहेबांनी काय काय केलं नाही? केळी घेऊन घरोघर गेले. लोकांनी चहा पाजला आणि ‘विचार करतो’ म्हणाले. मग त्यांनी हरवलेल्या मेंढरावर ओळीनं तीन प्रवचनं दिली. त्यात गेलेल्यांची खरडपट्टी राहिलेल्यांना ऐकावी लागली, म्हणून राहिलेल्यांतले दोघे गेले. एका आयटीतल्या मुलाला गिटार वाजवायला आणलं. तो चार रविवार आला आणि पाचव्या रविवारी मांजरीला वाजवताना दिसला. उपासना संपली की पाळकसाहेब रिकाम्या बाकांवर हात फिरवत चालायचे. त्यांना रात्रंदिवस गेलेले लोक छळत होते, आणि त्या लोकांना याचा पत्ताही नव्हता.

अशात शहरातल्या पाळकांची मासिक बैठक झाली. तिथं कुणा ज्येष्ठानं त्यांना धीर दिला, “आढाव, गेले ते मेले असं समजा आणि कामाला लागा.” असं आपण सगळेच म्हणतो. पण आमच्या साहेबांनी ते मनावर घेतलं. परत आले ते थेट मनोऱ्याखाली. तिथं गेनबा दोरीला तेल लावत होता. गेनबा म्हणजे माझा वाजवणारा, चर्चच्या आवारातल्या खोलीत राहणारा. चाळीस वर्षांत त्याचा एक टोल चुकला नव्हता.

“गेनबा, मयताची घंटा द्या. भालेराव. चौघांची.”

गेनबाच्या हातातलं तेल सांडलं. “चौघं? अॅक्सिडंट झाला व्हय, साहेब?”

“नाही. मांजरीला गेले.”

गेनबानं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचं एकही चिन्ह तिथं नव्हतं. मग त्यानं चिठ्ठीवरची वयं वाचली आणि दोरी धरली.

मित्रांनो, इथं मी माझं पाप कबूल करते. मला आनंद झाला. कित्येक वर्षांनी एका दुपारी शंभरावर टोल! कबुतरं उडाली, अंगावरची धूळ झडली, आणि गल्ली पुन्हा थांबली. जिवंत माणसांची मयत वाजतेय हे मला कळत होतं, पण मला वाजायला मिळत होतं. त्यानंतर जो कुणी दुसरीकडे जायला सभासदत्वाचा दाखला मागेल, त्याला पाळकसाहेब दाखला देत आणि त्याच दिवशी त्याची घंटा. भालेरावांची आई आपल्या नातवाचे टोल ऐकून किराणावाल्याच्या पायरीवर खाली बसली, हेही मी वरून पाहिलं. तरी मी खणखणीत वाजले.

गेल्या वर्षी संजयनं मांजरीला फ्लॅट घेतला. सृष्टीला तिथला मुलांचा वर्ग आवडला होता. त्यानं दाखल्यासाठी अर्ज केला आणि कुटुंबाच्या रकान्यात चार नावं लिहिली. स्वतःचं, पूर्णिमाचं, सृष्टीचं आणि आईचं. “आईला आत्ता कशाला सांगायचं? तिकडची लिफ्ट चालू झाली की सांगू,” तो पूर्णिमाला खिडकीशी म्हणाला. विमलाबाई आत झोपल्या होत्या. चूक तिथं झाली, आणि ती मुलाच्या हातून झाली.

त्या दिवशी गेनबानं चिठ्ठी वाचली आणि दोरीला हातच लावला नाही.

“साहेब, विमलाबाई समोर खिडकीत पडून हायेत. त्यास्नी ऐकू जाईल.”

“कागदावर नाव आहे ना? मी नाही लिहिलं.”

“त्यांला ठावंबी नसंल.”

“मग आता कळेल. वाजवा.”

पाळकसाहेबांचा आवाज शांत होता. ज्या बाईनं वर्षभर डबा दिला, तीच कागदावरून निघून गेली, हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं. ते खाली उभे राहिले, टोल नीट पडतात का बघायला.

विमलाबाईंना एक सवय होती. मयताची घंटा लागली की त्या पडल्यापडल्या मोजायच्या आणि प्रत्येकासाठी प्रार्थना करायच्या. त्या दिवशीही त्यांनी हात जोडले. एकोणपन्नास झाले. “कर्ता माणूस गेला गं,” त्या पूर्णिमाला म्हणाल्या. थोडं थांबून चव्वेचाळीस. “बायकोपण? अगं आई!” मग पंधरा. पंधराला त्यांच्या डोळ्यांना धार लागली, “देवा, लेकराला सांभाळ,” असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. पूर्णिमा एव्हाना समजली होती. ती खिडकी लावायला धावली, पण लाकूड फुगलेलं होतं, खिडकी लागेना. मग अठ्ठ्याहत्तर. विमलाबाईंनी शेवटपर्यंत मोजले.

“माझ्याच वयाचं कुणीतरी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. “पूर्णिमा, सृष्टीला पंधरावं संपलं ना गं? आणि संजयला आता एकोणपन्नास?”

पूर्णिमा भिंतीला टेकून रडायला लागली, आणि तेच उत्तर झालं.

पुढच्या पहिल्या रविवारी विमलाबाईंनी पांढरं पातळ नेसवून घेतलं आणि उशीला टेकून बसल्या. अकरा वाजले, बारा वाजले. पाळकसाहेब आले नाहीत. “मी कुठं गेलेय? मी इथंच आहे. जा, सांग त्यांना,” त्या संजयला म्हणाल्या. संजय चर्चच्या दारात आला, हात जोडले, आईचं नाव चुकून लिहिलं म्हणाला.

“दाखला दिला की दिला,” पाळकसाहेब म्हणाले. “तुमच्या पास्टरांना सांगा की. त्यांच्याकडे पार्किंग आहे, भाकर पण असेल.”

पास्टर पृथ्वीराजना संजयनं फोन केला. त्यांचा त्या दिवशी युवकांचा कॅम्प होता, म्हणून त्यांनी ऑनलाइन प्रभुभोजनाची लिंक पाठवली. विमलाबाईंसमोर मोबाइल उभा करून ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. खरं सांगते, मित्रांनो, त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची किळस आली. पण फार उशीर झाला होता.

त्या महिन्यातच विमलाबाई गेल्या. जाताना त्यांनी एकच मागितलं होतं. आपली घंटा गेनबानं वाजवावी, आणि या वेळी खरी वाजवावी. संजय पुन्हा आला. त्याच्या मागे चाळीतले पंधरावीस लोक होते. पाळकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

“त्यांची वाजली आहे. अठ्ठ्याहत्तर, मी स्वतः मोजलेत. एका माणसाची घंटा दोनदा वाजवत नाहीत.”

संजयनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तो परत फिरला. शवपेटी खांद्यावर घेऊन लोक गल्लीच्या तोंडाशी उभ्या केलेल्या गाडीकडे निघाले.

तेव्हा गेनबानं कनवटीची किल्ली काढून पाळकसाहेबांच्या हातावर ठेवली. “साहेब, मी चाललो. मांजरीला न्हाई, गावाला. तुमचा नियमच हाय, सोडून जाईल त्याची वाजवायची. माझी तुमीच वाजवा. बासष्ट. मोजायला चुकू नका.”

तो गेला. पाळकसाहेबांनी किल्ली मुठीत आवळली. मग रागानं आत आले आणि दोरी ओढली. त्यांना सवय नव्हती. दोरीनं त्यांचे तळवे सोलले, पण ते ओढत राहिले. एक. दोन. तीन.

खाली गल्लीत शवपेटी थांबली.

त्या लोकांना गेनबाचं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, पाळकसाहेबांना पाझर फुटला. संजयनं खांद्यावरून पेटी उतरवली, रस्त्यावर गुडघे टेकले आणि हात जोडले. पूर्णिमा सृष्टीला कवटाळून रडू लागली, “वाजवली हो, आईंची वाजवली.” हमालांनी पोती खाली ठेवली. सगळी गल्ली मोजू लागली. चाळीस. पन्नास. साठ. एकसष्ट. बासष्ट.

पाळकसाहेब थांबले. हातातलं रक्त बघत मनोऱ्याच्या दाराशी आले आणि त्यांनी बाहेर पाहिलं. शंभर माणसं मान खाली घालून उभी होती आणि पुढच्या टोलाची वाट बघत होती. त्रेसष्टाव्या. सोळा टोल राहिले होते. काय झालंय हे पाळकसाहेबांना समजलं, त्यांच्या चेहऱ्यावर ते मी स्पष्ट पाहिलं. दोरी त्यांच्यापासून एका हातावर लोंबत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. दोन श्वास झाले, दहा झाले, शंभर झाले. त्यांनी हात पुढे केला नाही. शेवटी गाडीच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि संजय गुडघे झटकून उठला.

आता मनोऱ्याला कुलूप आहे. खाली पाळकसाहेब अजून प्रवचन करतात, समोर सात-आठ माणसं असतात. मित्रांनो, मला स्वतःहून हलता येत नाही, येत असतं तर मी ते सोळा टोल दिले असते. तुम्हाला हात आहेत. तुमचं माणूस उठून दुसऱ्याच्या अंगणात गेलं तर भांडा, रडा, त्याच्या दारात जाऊन चहा प्या. पण ते जिवंत असताना त्याची मयत वाजवू नका. कारण ते खरंच जातं, आणि तेव्हा तुम्ही दोरीशी उभे असता आणि तुमचा हात पुढे होत नाही.