ग्रीटच्या खिडकीतले ऑर्किड

मित्रांनो, पतंगाच्या पंखांसारखी पांढरी फुले येणाऱ्या ऑर्किडचे मी झाड आहे. माझ्या जातीत मी आता म्हाताराच म्हणायचा. आमची पहिली फुले गळली की आमची रवानगी बहुधा कचऱ्याच्या डब्यात होते. माझी तशी झाली नाही. मला जपले, धुतले-पुसले, चांगल्या घरात ठेवले. तरीही एक खंत माझ्या मुळांशी बसली आहे. तीच आज तुम्हांला सांगतो.

हॉलंडमधल्या एका अवाढव्य काचघरात मी वाढलो. माझ्यासारखी असंख्य रोपे तिथे रांगांनी उभी असत. पहिल्यांदा फुललो तेव्हा मला सुंदर कागदात गुंडाळून दुकानात पाठवले, आणि तिथून रेन्स्के नावाच्या बाईने मला उचलले. ती मला स्वतःसाठी नेत नव्हती. वाटेत ती माझा कागद पुन्हा पुन्हा नीट करत होती, कारण ती आपल्या थोरल्या बहिणीच्या, ग्रीटच्या, दारात बऱ्याच काळाने जाणार होती.

ग्रीट आयसल नदीकाठच्या काम्पेन गावात एकटी राहत असे. तिने लग्न केले नव्हते. आईच्या शेवटच्या आजारपणात सगळी उस्तवार तिनेच केली. रेन्स्के जवळच्या झ्वोलं शहरात नवऱ्याबरोबर राहायची. आगगाडीत बसल्यावर वाचायला घेतलेले वर्तमानपत्रही संपू नये इतकेच अंतर. पण आई गेली तेव्हा ती नेमकी स्पेनच्या समुद्रकिनारी सुट्टीवर होती. ती पोहोचली ती थेट अंत्यविधीच्या दिवशी. विधीनंतर सगळे कॉफी घ्यायला बसले, तेव्हा ग्रीट सर्वांदेखत तिला म्हणाली, "पाहुण्यांनी आधी घ्यावी." त्या एका वाक्याने दोघींचे येणे-जाणे तुटले.

म्हणून ग्रीटच्या वाढदिवसाला मी मध्यस्थ होऊन आलो होतो. खुर्च्या गोल मांडून शेजारीपाजारी केक खात बसले होते. रेन्स्केने मला टेबलावर ठेवले. ग्रीटने माझी नऊ फुले पाहिली, आभार मानले आणि बहिणीला कॉफीबरोबर एकच बिस्किट दिले.

निघताना रेन्स्के हळूच म्हणाली, "याला पुन्हा फुलं येतात म्हणे. आली की सांगशील? मी बघायला येईन."

"आली तर कळवीन की," ग्रीट म्हणाली. "फुलं नसताना बघण्यासारखं काय आहे इथं?"

मित्रांनो, त्या घटकेपासून दोन बहिणींची भेट माझ्या फुलण्यावर टांगली गेली. मला ते कळत होते आणि माझ्या हातात काही नव्हते.

वसंतात माझी फुले एकेक करून गळली. ग्रीटने मला टाकले नाही. तिने मला बैठकीच्या खोलीत, खिडकीखालच्या, घर उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांच्या वर ठेवले आणि दर शनिवारी भांडेभर पाणी घालू लागली. पाणी बाहेरच्या, भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत तुंबून राही. माझी खालची मुळे कुजली. तिला ते वासावरून कळले. तिने मला उपसून काढले, मऊ पडलेली मुळे कापली आणि झाडाच्या सालीच्या तुकड्यांत नव्याने लावले. पुढे ती मला पाण्यात बुडवून नीट निथळू देई, मगच कुंडीत ठेवी. माझी तब्येत सुधारली. पाने रुंद आणि टवटवीत झाली. येणारे-जाणारे कौतुक करत.

पण फुलांचा पत्ता नव्हता. त्या खोलीत सकाळ, संध्याकाळ, हिवाळा, सगळे सारखेच उबदार होते. मला काही उणे नव्हते, आणि फुलण्याचे कारणही नव्हते. मी नुसती पाने वाढवत राहिलो.

रेन्स्के अधूनमधून फोन करायची. झाड कसे आहे, असे विचारायची. पाने आहेत, एवढेच ग्रीट सांगायची. मग एकदा रेन्स्केने एकाच बोलण्यात तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि थोड्या वेळाने आणखी एकदा. ग्रीटला वाटले, ही आपल्याला डिवचते आहे.

"आली नाहीत फुलं," ती ताडकन म्हणाली. "जमलं नाही मला. झालं समाधान?" आणि तिने फोन आदळला.

पलीकडून पुन्हा फोन आला नाही. ग्रीट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती रागात होती, पण मला वाटते तिला रडूही येत होते. तिने हात पुढे केला आणि माझ्या पानावरची नसलेली धूळ पुसली.

शरद ऋतूत शेजारचा हार्मेन कात्री परत द्यायला आला. तो भूगोलाचा निवृत्त मास्तर, बोलायला लागला की थांबत नसे. मला बघून तो म्हणाला, "शेजारीणबाई, तुम्ही याला फार लाडावलंय. जरा थंडी दाखवा. तुमची झोपायची खोली गार असते ना?"

"माझ्या झोपायच्या खोलीची तुम्हांला भारी माहिती."

"भिंत एक आहे हो आपली. तुमच्या बाजूनं माझी भिंत बर्फासारखी लागते."

ग्रीट हसली. बऱ्याच महिन्यांत मी तिला हसताना पाहिले नव्हते. तिने मला झोपायच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीत नेले. सकाळचे कोवळे ऊन मिळे आणि रात्री अंगाला गारवा जाणवे. काही आठवड्यांतच पानाच्या बगलेतून एक हिरवे टोक डोकावले. ग्रीटला आधी ते मूळच वाटले. पण मुळाचे टोक गोल असते. हे चपटे होते, बाळाच्या हातमोज्यासारखे. तो फुलांचा दांडा होता. मग तिने मला एका जागेवरून हलवले नाही, कुंडी फिरवली नाही. दांडा उजेडाकडे सरळ वाढू दिला आणि हळुवारपणे काडीला बांधला.

कळ्या आल्या तेव्हाच तिने फोन हातात घेतला होता. मी पाहिले आहे. पण तिने तो खाली ठेवला. पूर्ण उमललेली फुलेच दाखवायची असे तिच्या मनात होते. मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तेव्हा ओरडलो असतो.

नदीकाठी बर्फ असताना माझी फुले उमलली. ग्रीटने फोन केला. तो रेन्स्केच्या नवऱ्याने, वाउटरने, उचलला. तो सावकाश बोलत होता. रेन्स्केची स्मृती गेल्या वर्षापासून जात चालली होती. आता ती तशा माणसांची देखभाल करणाऱ्या घरात होती. तुम्ही फोन आदळलात, म्हणून पुन्हा करायचा धीर झाला नाही, असे तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

ग्रीटने मला वर्तमानपत्रात गुंडाळले, वरून स्वतःची लोकरी शाल लपेटली आणि आगगाडीत मांडीवर घेऊन बसली.

रेन्स्के खिडकीशी बसली होती. ग्रीटने शाल सोडली आणि मला तिच्यापुढे ठेवले. रेन्स्केने एक फूल बोटाच्या टोकाने अलगद उचलून पाहिले.

"किती सुंदर आहे. कुणी दिलं हो तुम्हांला?"

ग्रीट तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसली. "माझ्या बहिणीनं," ती म्हणाली.

"चांगली आहे तुमची बहीण. येते का तुमच्याकडे?"

"नाही. मीच बोलावलं नाही तिला."

रेन्स्केने तिच्या हातावर थोपटले, परक्या बाईला धीर द्यावा तसे. "मग बोलवा की," ती म्हणाली. "एवढं काय त्यात."

ग्रीटने मला तिथेच ठेवले. आता ती वरचेवर येते, बहिणीचे केस विंचरते, आपण कोण ते दर वेळी सांगते. रेन्स्के ऐकून घेते, कधी हसते, आणि पुढच्या खेपेला पुन्हा नाव विचारते. त्या दोघींना चांगले दिवस मिळत नाहीत असे नाही. पण जे दिवस माझ्या कोऱ्या पानांकडे बघण्यात गेले, ते कुणालाही परत आणता येणार नाहीत, मलाही नाही.

मित्रांनो, माझ्या जातभाईंची फुले गळली तर त्यांना फेकू नका. पाणी साचू देऊ नका, सकाळचा उजेड द्या, शरदात थोडा गारवा दाखवा आणि धीर धरा. आम्ही पुन्हा फुलतो. पण हा धीर झाडापुरताच ठेवा. ज्या माणसाला भेटायचे आहे त्याला आमच्या फुलांसाठी ताटकळत ठेवू नका. खिडकीत नुसती पाने असतील, तरी त्याला घरी बोलवा.