बुटकी थांबत नाही

शिंपिणीनं ट्रॅक्टरच्या लोखंडी बैठकीवर चिंध्या भरलेली उशी ठेवली, तिच्यावर दोन थापट्या मारल्या आणि चढायला पाय उचलला. तेवढ्यात खालून थोरली म्हणाली,

"मावशी, खरंच राहू द्या. मी बघते काहीतरी."

"काय बघणार आहेस?"

कापून वाळवलेलं गवत खालच्या कुरणात लांबच लांब ओळींनी पडलं होतं. उद्या दुपारनंतर पाऊस येणार, हे रेडिओ सकाळपासून घोकत होता. आणि दरवर्षी ट्रॅक्टर चालवणारा माणूस, म्हणजे थोरलीचे वडील आणि शिंपिणीचा नवरा, पाय प्लास्टरमध्ये घालून कुरणाच्या कडेला खुर्चीत बसला होता. उभं आयुष्य यंत्रांच्या संगतीत काढून या गृहस्थाला कधी ओरखडा आला नव्हता. पडला तो घरच्या जिन्यावर, मांजरावर पाय पडू नये म्हणून. मांजर ठणठणीत होतं.

ट्रॅक्टरचं नाव बुटकी. थोरलीच्या जन्माआधीपासून ती या घरात होती, आणि घरात आली तेव्हाही नवी नव्हती. तिच्या मागे बेलर जोडलेला होता, वयानं तिच्याच बरोबरीचा. बुटकीच्या पाठीतून निघालेला दांडा गरगर फिरत त्याला चालवायचा. मग तो ओळीतलं गवत उचलून पोटात घ्यायचा, दट्ट्यानं ठोकून ठोकून दाबायचा, सुतळीनं बांधायचा आणि मागून चौकोनी गठ्ठा बाहेर टाकायचा. आजूबाजूचे लोक या जोडीला हसत. पण खालच्या कुरणाची जमीन मऊ होती. मागे एकदा भाड्यानं आणलेला मोठा ट्रॅक्टर तिथं उतरला, तर त्याच्या चाकांनी पाडलेल्या चरांत वर्षभर बेडूक राहत होते. बुटकी मात्र त्याच जमिनीवरून अलगद जायची.

कामाला तीन माणसं लागत. एक चालवायला. एक बेलरच्या बाजूनं चालत सुतळीच्या गाठींवर नजर ठेवायला, कारण म्हातारा बेलर मधूनच एखादी गाठ विसरायचा. हे काम थोरलीशिवाय कुणाला धड जमत नसे. आणि तिसरा माणूस गठ्ठे उचलून रचायला, तो म्हणजे थोरलीचा नवरा, या घरचा जावई. तो बोलायचा कमी आणि रचायचा छान. पहिल्या माणसाची जागा रिकामी होती, आणि शिंपीण सकाळी चहा पिता पिता म्हणाली होती, "मी चालवते."

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं होतं, जणू पाहुण्यांनी उठून भांडी घासायला घेतली.

खरं दुखणं तेच होतं. लग्न होऊन या घरात येऊन तिला वर्ष होत आलं तरी ती पाहुणीच होती. पन्नाशीपर्यंत ती गावातल्या आपल्या दुकानावरच्या खोलीत एकटी राहिली. लोकांची मापं घेतली, कपडे बेतले, आणि एक दिवस कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आलेला एक विधुर परत परत येऊ लागला. एका माणसाच्या बाह्या किती वेळा आखूड करणार? शेवटी लग्न केलं. घरच्यांनी तिला वाईट वागवलं असतं तर तिनं पदरी पडलं म्हणून निभावलं असतं, पण त्यांनी तिला फारच चांगलं वागवलं. सगळ्यांना कान तुटलेले कप, तिला बशीसकट. अंघोळीचं गरम पाणी आधी तिला. थोरली बापाशी भांडायची, नवऱ्याशी भांडायची, कोंबड्यांशी भांडायची, आणि शिंपीण खोलीत आली की आवाज खाली आणून म्हणायची, "मावशी, खिडकी लावली तर चालेल ना तुम्हाला?"

शिवणयंत्रावर बसून भिंतीपलीकडची भांडणं ऐकताना शिंपिणीला हेवा वाटायचा. आपल्यावरही कुणीतरी खेकसावं, असं तिला मनापासून वाटे. पण असं मागायचं तरी कुणाकडे, आणि कोणत्या तोंडानं?

थोरलीनं तिला बुटकीची ओळख करून दिली. अगदी हळुवारपणे, दागिन्यांच्या दुकानात दाखवतात तशी.

"हा क्लच. हा ब्रेक, पण त्याच्यावर फार भरवसा नको. हा गिअर. मध्येच गवताचा मोठा ढीग आला किंवा थांबायचं झालं, तर क्लच दाबायचा. आणि जमलं तर गिअरही काढा, मावशी, म्हणजे बरं."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला जमेल. तुम्हाला यंत्राची सवय आहेच की."

हेच जावयाला शिकवायचं असतं, तर थोरलीनं त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं असतं आणि त्याच्याकडून पाठ करून घेतलं असतं. बघत असलेल्या बापाच्या हे लक्षात यायला हवं होतं. पण तो बायको ट्रॅक्टरवर कशी दिसते, ते पाहण्यात गुंग होता.

पहिल्या ओळीला शिंपीण अंग घट्ट आवळून बसली होती. दुसऱ्या ओळीला तिचे खांदे सैलावले. दट्ट्या एकेक ठोका मारायचा, आणि ठोक्यागणिक हलकी बुटकी पुढे-मागे डुलायची. तिच्यावर बसलेल्या माणसाची मान आपोआप होय-होय करत राहायची. तिचा नवरा सांगायचा, की प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची सवय आपल्याला लग्नानं नव्हे, बेलरनं लावली. शिंपिणीला हे आता कळलं आणि ती एकटीच मोठ्यानं हसली. ऊन होतं, गवताचा गोड वास होता, मागे गठ्ठे एकापाठोपाठ एक पडत होते, शिवलेल्या कपड्यांसारखे सरळ आणि बेतशीर. कडेला खुर्चीतून नवरा हात हलवत होता. तिनंही ऐटीत हात हलवला.

ओळीच्या टोकाला जावयानं गठ्ठ्यांची मोठी रास रचली होती आणि तिच्यावर बसून तो पाणी पीत होता. रास जवळ आली. शिंपिणीनं शांतपणे क्लच दाबला.

बुटकी थांबली नाही.

तिनं आणखी जोरात दाबला. इंजिनाचा जोर सुटला, हे तिला आवाजावरून कळलं. पण बेलरचं जड लोखंडी चाक गरगरतच होतं. एकदा वेग घेतलेलं ते चाक दांड्यातून उलट बुटकीला ढकलत होतं, खांद्याला धरून ढकलावं तसं. ब्रेकनं अंग काढून घेतलं होतं. आणि मग शिंपिणीनं आयुष्यभराच्या सवयीनं उजवा हात पुढे केला. शिवणयंत्र पाय काढूनही फिरत राहिलं, तर चाकावर तळवा ठेवायचा, यंत्र थांबतं. तिचा तळवा हवेत गेला. तिथं चाक नव्हतं, काहीच नव्हतं.

बुटकी माणसाच्या चालीनं, कसलीही घाई न करता, राशीत शिरली आणि तिथंच अडकून थांबली. वरचे गठ्ठे डळमळले, मग पाण्याच्या बाटलीसकट जावई खाली आला आणि त्याच्यावर आणखी काही गठ्ठे आले.

"अहो, डोळे कुठे होते तुमचे?" थोरली धावत येत ओरडली. आवाज असा लागला होता, की पलीकडच्या कुंपणावरचे पक्षी उडाले. "गिअर! गिअर काढा म्हटलं होतं ना! नुसत्या क्लचनं ही बया थांबत नाही, मागचं चाक ढकलतं तिला! माणूस चिरडला असता! कपडे बेततानाही असंच करता का तुम्ही? आधी कापायचं आणि मग माप घ्यायचं?"

गठ्ठ्यांतून जावयाचं डोकं वर आलं. केसांत गवत.

"मी बरा आहे," तो म्हणाला. "कुणी विचारलं नाही, पण सांगून ठेवतो."

कडेला नवरा कुबड्या शोधत अर्धवट उभा राहिला होता. "थोरले! ही काय बोलायची पद्धत झाली? माफी माग आधी तिची!"

थोरलीचा चेहरा पांढरा पडला. ती बशीसकट कप द्यावा तशा आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, मावशी. तुम्हाला लागलं नाही ना? तुम्ही उतरा. घरी जाऊन जरा पडा. मी बघते काहीतरी."

त्या शिव्या ऐकताना आत कुठंतरी शिंपिणीला असं बरं वाटलं होतं, की तिची तिलाच लाज वाटली. आता ते दार पुन्हा बंद होत होतं. उतरलं, की आयुष्यभर खिडकी लावली तर चालेल का, ते ऐकत राहायचं.

ती उतरली नाही.

"जमलं तर?" ती म्हणाली. आवाज आधी चिरका निघाला, मग सुधारला. "जमलं तर गिअरही काढा, असं म्हणालीस तू! जिवावरची गोष्ट, आणि जमलं तर? माप नीट सांगितलं असतंस, तर कापणं चुकलं असतं का माझं?"

"मला वाटलं, तुम्हाला..."

"काय वाटलं? ओरडून सांगितलं असतंस तर मी विरघळले असते? त्या बिचाऱ्याला रोज सांगतेस, तो विरघळला का?"

"अजून नाही," जावई म्हणाला.

"तू गप रे!" दोघी एकदम म्हणाल्या.

नवरा कुबड्यांवर टेकून तसाच उभा राहिला, बायकोकडे आणि लेकीकडे आळीपाळीनं पाहत. मग त्यानं जाणत्या माणसासारखं केलं आणि परत खुर्चीत बसला.

थोरली दणदण पावलं टाकत ट्रॅक्टरशी आली. "नीट बघा आता. क्लच आणि गिअर, दोन्ही एकदम. तळव्यानं असा हाणायचा गिअरचा दांडा. हाणायचा, कुरवाळायचा नाही. करा. पुन्हा. पुन्हा करा. तुमच्या हाताला काय मेंदी लावली आहे का? जोरात!"

"हाणते आहे की!"

"मग आवाज का नाही आला?"

शिंपिणीनं असा हाणला, की खटका कुरणभर ऐकू गेला. गिअर सुटला. जागच्या जागी उभी असलेली बुटकी ठोक्याबरोबर नुसती डुलत राहिली, आणि मागे बेलर निवांत चघळत बसला. शिंपिणीला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात. मग तिनं खरंच वाजवल्या.

ऊन कलेपर्यंत सगळ्या ओळी संपल्या. चौघांनी मिळून रास पुन्हा रचली, म्हणजे तिघांनी रचली आणि चौथ्यानं खुर्चीतून सूचना दिल्या. तिच्यावर ताडपत्री ओढली. नवरा आणि जावई घरात चहा टाकायला गेले, आणि दोघी अंगणात बेलरच्या गाठींच्या भागात अडकलेली सुतळी काढत राहिल्या. थोरलीचं डोकं आणि एक हात यंत्रात होता. शिंपीण बाहेरून सुतळीचं टोक धरून होती.

"आईशी मी रोज भांडायचे," थोरली एकदम म्हणाली. पत्र्यामुळे तिचा आवाज घुमत होता. "हॉस्पिटलात नेलं, त्या सकाळीसुद्धा. कशावरून, तर चहा गोड झाला म्हणून. केवढ्यानं बोलले मी. ती परत आलीच नाही."

शिंपिणीनं सुतळी सोडली नाही.

"तुम्ही आलात, तेव्हा ठरवलं होतं. तुमच्यावर आवाज चढवायचा नाही. कधीच नाही. आणि आज..."

यंत्रातला तिचा हात हलायचा थांबला.

आईला लागलं नसेल, आई विसरली असेल, असं म्हणता आलं असतं. शिंपिणीच्या ओठांवर आलंही होतं. पण हे थोरलीला कितीजणांनी सांगितलं असेल, आणि त्याचा काय उपयोग झाला? तिनं सुतळीला एक हिसका दिला. गुंता सुटून हातात आला.

"ते वरच्या कोपऱ्यातलं वळण," ती म्हणाली, "तू मला फार बाहेरून घ्यायला लावलंस. अर्धी ओळ मागे राहिली. सगळी चूक तुझी."

थोरलीचं डोकं बाहेर आलं. कपाळाला वंगण, डोळे ओले. तिनं शिंपिणीकडे पाहिलं. शिंपिणीनं जमेल तेवढा कडक चेहरा केला. तिला त्याची सवय नव्हती.

"माझी चूक?" थोरली म्हणाली. "बाहेरून नाही घेतलं, तर मागचा दांडा मोडतो, मावशी!"

"इतका कुठे वाकतो तो."

"इतकाच वाकतो! तुम्हाला काय माहीत? एक दिवस बसलात त्या बुटकीवर, आणि मला शिकवता?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नवऱ्याची हाक आली, "आता पुन्हा काय झालं?" पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. थोरली हातातल्या पान्यानं जमिनीवर वळण काढून दाखवत होती, आणि तिचा आवाज गोठ्यापर्यंत जात होता. शिंपीण कमरेवर हात ठेवून, वाकून, प्रत्येक रेघ निरखून बघत होती आणि प्रत्येक रेघेला "चूक" म्हणत होती.