शुक्रावरचा आवाज

विष्णुपंतांना सुनेचं कौतुक होतं, पण ते तोंडावर करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. सुनेत्रा कुळगावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. शनिवारी तिला मुलांसमोर शुक्रावर बोलायचं होतं. म्हणून दोन दिवस ती बेलवलीच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून सासऱ्यांना भाषण वाचून दाखवत होती. शुक्रावरचे ढग सल्फ्युरिक ॲसिडचे, आणि सासरे अंबरनाथच्या केमिकल कारखान्यात तीस वर्षं ऑफिसर. चूक निघाली तर इथेच निघालेली बरी, असा तिचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विठा आली होती. दर वर्षी याच तारखेला ती यायची, पिशवीत तांदळाचं पीठ आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन. बावीस वर्षांपूर्वी याच दिवशी तिचा नवरा सदू कारखान्यात ॲसिडची टाकी साफ करताना गेला. विष्णुपंतांनी खटपट करून तिला तिथल्याच कॅन्टीनमध्ये लावून दिलं, तेव्हापासून ती त्यांना देव मानायची. दर वर्षी ते तिला एकच सांगायचे, की सदू एका क्षणात गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. ती मान हलवायची, चहा प्यायची आणि निघून जायची. ती गेली की विष्णुपंतांना जेवण जात नसे.

आज ती सुनेत्राचं ऐकत बसली. शुक्रावर शिसं वितळेल इतकी उष्णता आहे, हवेचा दाब इथल्याच्या नव्वद पट आहे, हे सगळं तिने गालावर हात ठेवून ऐकलं. चाळीसेक वर्षांपूर्वी रशियाने तिथे यंत्र उतरवलं म्हटल्यावर तिने विचारलं, आत माणूस होतं का. नव्हतं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

सुनेत्रा पुढे वाचू लागली. ते यंत्र अर्धा तास टिकेल असं धरलं होतं, पण त्या भट्टीत ते दोन तासांहून जास्त वेळ निरोप पाठवत राहिलं. त्याला मायक्रोफोनही होता. तिने मोबाइलवर तिथला आवाज लावला. आधी नुसती खरखर, मग कसलीशी ठकठक.

विष्णुपंतांचा कप बशीत कलंडला. "बंद कर ते," ते म्हणाले.

या घरात खलबत्ता वाजत नसे. सासऱ्यांना मिक्सरचं वेड आहे, अशी सुनेत्राची समजूत होती. वरच्या मजल्यावर कोणी खिळा ठोकला की ते चपला घालून खाली का उतरतात, हेही तिला कधी कळलं नव्हतं. तिने मोबाइल बाजूला ठेवला.

विठा मात्र अजून त्या यंत्रापाशीच होती. "एवढा येळ बोलत रायला बिचारा," ती म्हणाली. "आयकनारा कुनीतरी हाय, म्हनून रायला."

विष्णुपंतांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"विठा, सदू एका क्षणात गेला नाही," ते म्हणाले. "मी तुला खोटं सांगत आलो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टाकीत उतरलेल्या माणसाने पान्याने पत्रा वाजवत राहायचं, अशी कारखान्यात रीत होती. वाजतंय तोवर तो ठीक आहे, थांबलं की ओढून काढायचा. सदू भजनात ढोलकी वाजवणारा, तो टाकीतही ठेका धरायचा. त्या दिवशी वर पहाऱ्याला विष्णुपंत स्वतः होते. गाळातून वायू सुटला, सदूचे पाय गेले, घशातून आवाज फुटेना, हातात पाना तेवढा राहिला. वर चहा आला होता, आणि खालचा ठेका एकदम जलद झाला. आज सदू रंगात आलाय, असं म्हणून विष्णुपंत हसले होते. ठेका थांबला तेव्हा त्यांनी आत डोकावलं. अकरा मिनिटं तो त्यांना हाक मारत होता.

सुनेत्राने तोंडावर हात धरला. विठाने विचारलं, ठेका कोणता होता.

विष्णुपंतांना तो ठेका बावीस वर्षांत एक दिवस विसरता आला नव्हता. त्यांनी बोटाच्या पेराने टेबलावर तो वाजवला. आधी जलद, मग मात्रा चुकत, अडखळत. विठाचा चेहरा पार उतरला. तो वाजवताना कधी चुकत नसे, एवढंच ती म्हणाली. विष्णुपंतांनी वाजवणं थांबवून दोन्ही हात तिच्यापुढे जोडले.

"थांबू नका साहेब," विठा म्हणाली. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, पदर सावरला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "अकरा मिन्टा म्हनलाव ना. वाजवा. त्याचा कुनी आयकला नाय. मी आयकतंय."

विष्णुपंतांनी हात पुन्हा टेबलावर ठेवला आणि वाजवायला सुरुवात केली.