आडव्या त्रिकोणाची उंची

करुणा पगारे बी. एस्सी. झाली आणि घरात सगळ्यांना आपापल्या चुका कळायला लागल्या, कारण त्या दाखवायला आता हक्काचं माणूस होतं. कुणी "सूर्य उगवला" म्हटलं, तर ती "पृथ्वी फिरली" म्हणायची. भाऊ निवृत्ती ओझरच्या कारखान्यात कामाला होता. तो एक दिवस म्हणाला, "एवढी विद्या उतू चाललीय, तर वहिनीला मॅट्रिक कर."

वहिनी म्हणजे निवृत्तीची बायको मालन, सटाण्याकडची. लग्नात शाळा सुटली होती. बाहेरून बसून बाकीचे विषय तिनं काढले, पण भूमितीत दोनदा गचकली. नर्सिंगच्या कोर्सला मॅट्रिक पास हवं होतं, आणि वयाच्या अटीमुळे ही ऑक्टोबरची परीक्षा शेवटचीच. नर्स व्हायचं हे मालनच्या मनानं केव्हाच घेतलं होतं.

दुपारी भांडी आवरली की नणंद गुरू व्हायची. पहिल्याच दिवशी करुणानं कुशीवर कलंडलेला त्रिकोण काढला. "वहिनी, ही डावीकडची बाजू पाया धरा आणि उंची काढा."

मालननं मुकाट्यानं खालच्या बाजूवर लंब टाकला.

"ही नाही, ती!"

"ती तर भिंत शे, ताई. भिंतीला पाया कोण म्हणतं?"

"इथे म्हणतात."

"मग घर पडंल."

"बरोबर बोलतेय ती," तांदूळ निवडता निवडता सासू यशोदाबाई म्हणाल्या. त्यांना भूमितीशी देणंघेणं नव्हतं, पण लेकीला कुणी अडवलं की त्यांना बरं वाटे.

करुणा विचारात पडली. पुस्तकातले शब्दच तसे होते. पाया, भुजा, शिरोबिंदू. पायावर उभा, दोन्ही हात वर, टोकाला डोकं. अशा सज्जन प्राण्याला कुशीवर निजवलं की वहिनी त्याला ओळखतच नव्हत्या. दोष वहिनींचा की शब्दांचा? प्रयोग करून बघायला हवा. तिनं फर्मान काढलं, "उद्यापासून 'पाया' हा शब्द बंद. नुसतं अक्षरांनी, 'बाजू बक' असं म्हणायचं. जी चुकेल तिनं चहा करायचा."

त्या आठवड्यात सगळा चहा करुणानंच केला. "आता बाजू बक, म्हणजे समजा पाया..." इथवर ती आली की मालन गोड आवाजात म्हणे, "साखर बेतानं टाका, ताई."

करुणानं निवृत्तीला कुठलाही एक त्रिकोण काढायला सांगितलं. त्यानं कौलारू छप्पर काढलं. मग तिनं स्वतः डोळे मिटून एक काढला. तोही बूड टेकून बसलेला निघाला. हे तिनं कुणाला दाखवलं नाही.

विशालकोन आला तेव्हा तर कहरच झाला. वरच्या टोकातून टाकलेला लंब त्रिकोणाच्या बाहेरच पडला.

"उंची अंगाबाहेर?" मालन पदर तोंडाला लावून हसली. "माणूस आपल्या घरी अन् त्याची उंची शेजारच्याच्या ओट्यावर?"

"समजत नसेल तर पाठ करा!" करुणा वैतागून म्हणाली.

मालनचं हसू विरलं. "पाठ करूनच दोनदा नापास झाले, ताई."

करुणानं वही मिटली. त्या दिवशी पैज न हरताही चहा तिनंच केला.

दुसऱ्या दिवशी लसूण सोलताना मालननं विचारलं, "त्रिकोणाला डोकी किती?"

"तीन. तीन शिरोबिंदू."

"मग पाया एकच कसा राहील? आपलंच घर घ्या. सकाळी आत्याबाई डोकं, संध्याकाळी तुमचे भाऊ, अन् अभ्यासाला बसलं की तुम्ही. ज्याची पाळी, तो डोकं. त्याच्या समोर जो सापडंल, तो पाया."

"समोर कोण सापडतं?"

"माझ्याशिवाय शे कोण?"

करुणानं मनात व्याख्या तपासली. शिरोबिंदू आणि त्याच्या समोरची बाजू. चूक सापडेना. "आणि विशालकोनात?"

"डोकं फार पुढं सरकलं की त्याच्याखाली पाया पुरत नाही. मग तेवढा पाया वाढवून द्यायचा. सवय शे."

"वाढवलेला भाग तुटक रेषेनं दाखवायचा," करुणानं घाईनं दुरुस्ती केली. "तो मूळ बाजूत धरायचा नाही."

"म्हणजे जास्तीचं काम धरत नाहीत," मालन म्हणाली. "तेही घरासारखंच."

यशोदाबाईंचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "हे पुस्तकात लिहिलंय?" त्यांनी संशयानं विचारलं.

"तसं नाही, आई," करुणा म्हणाली, "पण उत्तर बरोबर आहे."

त्या दिवसापासून वही कशीही फिरवली तरी मालन अडेना. आधी डोकं कोण ते विचारी, मग समोर बघे. परीक्षेहून आली ती चपला काढायच्या आधीच बोलली, "विशालकोन होता, ताई. तोही आडवा. पाया वाढवला अन् उंची टाकली."

"तुटक रेषेनं?"

"तुटक रेषेनं."

निकाल लागला आणि मालन पास झाली. कोर्सला नंबर लागला. राहायचं तिथल्याच वसतिगृहात. निवृत्तीनं पेढे वाटले, यशोदाबाईंनी सुनेच्या ट्रंकेत चिवड्याचा डबा ठेवला, आणि मग इतका वेळ कुणी न काढलेला विषय काढला. "हिच्यामागं भाकरी कोण थापणार?"

मालननं पिठाची परात उचलली आणि हळूच करुणापुढे सरकवली.

"घ्या, ताई. गोल जमंल ना? का आधी केंद्रबिंदू शोधणार?"